उद्यमबागेतली नोकरी की गावातलं दुकान

यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र, हातात आहे, आयटीआय झालं आहे, आणि घरात रोज एकच विषय: बेळगावला उद्यमबाग-मच्छेकडे कारखान्यात लागायचं, की कर्ज काढून गावातच काहीतरी टाकायचं? खानापूर भागातली बरीच मुलं मला हे विचारतात, कारण मी दोन्ही केलंय. माझा एक पाय लहानपणी पोलिओनं गेला, कॅलिपर, म्हणजे पायाला आधार देणारा पट्ट्यांचा सांगाडा, लावून चालतो. सरकारी नोकरीतल्या 4 टक्के राखीव जागांचे अर्ज भरत राहाच, पण तेवढ्यावर थांबू नका.

कारखान्यात मी पाच वर्षं इन्स्पेक्शनला होतो. टेबलाशी बसून व्हर्निअर-मायक्रोमीटरनं माप घ्यायचं काम, मला आवडायचं. पगार ठरल्या तारखेला, पीएफ, आणि मुख्य म्हणजे ईएसआय, कामगाराचा आणि घरच्यांचा दवाखान्याचा विमा. इतरांना त्याची पगारमर्यादा 21 हजार, आपल्याला 25 हजार. म्हणजे पगार थोडा वाढला म्हणून दवाखाना सुटत नाही. आईचं ऑपरेशन त्यातच झालं. सोबतीची पोरंही जिवाला जीव देणारी. पावसात खानापूरची बस चुकली तर कुणीतरी गाडीवरून घरापर्यंत सोडायचं.

मग सोडलं का? संडासामुळे.

शेडच्या मागं तीन पायऱ्या चढून जायचं, धरायला काही नाही, आणि आत उकिडवं बसायचं भांडं. कॅलिपर घातलेल्या पायानं तसं बसता येत नाही. म्हणून सकाळचा चहा झाला की संध्याकाळी घरी येईपर्यंत मी पाण्याचा घोट घ्यायचो नाही. मे महिन्यातसुद्धा. दुसऱ्या वर्षी लघवीची जळजळ सुरू झाली, ती सारखी उलटायची. सुपरवायझर भला माणूस, वर दोनदा सांगून आला. एक कमोड आणि एक लोखंडी पाइप, एवढंच काम; मी असेतोवर झालं नाही. वीस किंवा जास्त कामगार असलेल्या खासगी ठिकाणालाही 2016 च्या अपंग हक्क कायद्याप्रमाणं आपल्यासाठी काय सोयी आहेत हे समान संधी धोरणात लिहावं लागतं, हे मला नोकरी सोडल्यावर कळलं. तुम्ही रुजू होण्याआधीच ते मागा. आणि मुलाखतीला गेलात की संडास स्वतः जाऊन बघून या.

दुकानासाठी मी पीएमईजीपीतून, म्हणजे केंद्र सरकारच्या स्वयंरोजगार योजनेतून, कर्ज घेतलं. आपल्याला एकूण खर्चाचे 5 टक्केच स्वतःचे घालावे लागतात. अनुदान शहरात 25 टक्के, खेड्यात 35. त्यामुळं बेळगावात गाळा शोधण्यापेक्षा गाव परवडतं. अनुदान हातात मिळत नाही, तीन वर्षं बँकेतच अडकून असतं, पण तेवढ्या रकमेवर व्याज पडत नाही. कागद बहुतेक कन्नडमध्ये. आमच्या ग्रामपंचायतीतला पुनर्वसन कार्यकर्ता दोन दुपारी शेजारी बसला म्हणून निभावलं. त्याला आधी गाठा, एजंटाला नको. बँकेच्या खेपा मात्र चुकत नाहीत.

काम मोटर वाइंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटरीत तांब्याच्या तारेची कॉइल नव्यानं भरायची. जानेवारीपासून वळीव पडेपर्यंत शेतातल्या मोटरी जळत राहतात, तेव्हा जेवायला फुरसत नसते. आमच्याकडचा पावसाळा मात्र जड जातो. मिक्सर-पंख्यांवर कसंबसं भागतं. एखाद्या महिन्यात नोकरीच्या दीडपट सुटतात, श्रावणात निम्मेही नाहीत. ईएसआय गेलं, त्याची रुखरुख आहेच. घरात कुणी आजारी असेल, हप्त्याच्या विचारानं झोप उडत असेल, तर दुकानाची घाई करा असं मी सांगणार नाही. कारखान्यात धड सोय असेल तर नोकरीच बरी, असंही कुणी म्हणेल, आणि ते चूक नाही.

मी बोर्ड लावायच्या आधी मागच्या बाजूला कमोड बसवून घेतला, दोन्हीकडं पाइप लावून. बाक माझ्या उंचीचा, उंबरा काढलेला. शेजारच्या गावचा एक मुलगा हल्ली माझ्याकडं कॉइल भरायला शिकतो. त्याच्याही पायात कॅलिपर आहे. सकाळी बाकावर पाण्याचे दोन तांबे भरून ठेवतो. दुपारपर्यंत दोन्ही रिकामे होतात.