दोन ओळी आणि एक घटिकापात्र: कविता-रसग्रहण वर्गाचा अनुभव

आमच्या भागातल्या वाचनालयाने घेतलेला चार रविवारांचा वर्ग, फी 400 रुपये. तिसऱ्या रविवारी विषय होता काळ, आणि कविता निवडली ती लहानपणापासून कानावर पडलेली:

घटका गेली पळे गेली तास वाजे ठणाणा
आयुष्याचा नाश होतो राम का रे म्हणाना

माझी आजी दिवेलागणीला हे म्हणायची. यात दीड तास काय शिकवणार, असं वाटलं होतं. सरांनी आल्या आल्या टेबलावर पाण्याचं घंगाळ ठेवलं आणि त्यात तांब्याचं घटिकापात्र सोडलं. लग्नात ठेवतात तेच, बुडाला बारीक भोक असलेलं. ते भरून बुडायला 24 मिनिटं लागतात, ती एक घटका. पळ 24 सेकंदांचं.

पात्र भरत होतं तोवर आम्ही मात्रा मोजल्या: ऱ्हस्व अक्षराची एक, दीर्घ किंवा जोडाक्षराआधीच्या अक्षराच्या दोन. पहिल्या ओळीत 16 अक्षरं, दुसरीत 15. मात्रा मात्र दोन्हींत 27, आणि त्याही 8, 7, 12 अशाच पडतात. आजीची जीभ न मोजता जे करायची ते माझ्या बोटांवर उतरलं, तेव्हा अंगावर काटा आला. ‘तास’ म्हणजे इथे टोले द्यायची धातूची थाळी. ‘ठणाणा’ हा तिचाच आवाज. ‘गेली’ दोनदा येऊन संपलेलं सांगतं, पण ‘वाजे’ आणि ‘होतो’ आत्ता, आपल्यासमोर चाललेलं आहे.

एक तक्रार आहे. वाटलेल्या पत्रकात शेवटचा शब्द ‘म्हणा ना’ असा तोडून छापला होता. तोडला की ती विनवणी होते. आजी तो जोडून म्हणायची, ‘बोलेना’सारखा: अरे, म्हणत का नाहीस? त्यात कळवळा आहे, घरच्या माणसावरचा हक्क आहे. मी हात वर करून हे सांगितलं. सरांनी दोन्ही तऱ्हांनी ओळ म्हणून दाखवली, मग पत्रकावर स्वतः दुरुस्ती केली. छापण्याआधी कुणीतरी तपासायला हवं होतं, हे खरंच.

त्याच बोलण्यात पात्र डुबकन बुडालं. कुणीच काही बोललं नाही.

नवख्यांनी आणि आजीआजोबांनी जरूर जावं. पुढच्या रांगेत बसा, मागून घंगाळ दिसत नाही.