कंपनीची लेन्स, सिग्मा-टॅमरॉन की घरातली जुनी : मिररलेस घेण्याआधी

डीएसएलआर सोडून मिररलेस (आत आरसा नसलेला कॅमेरा) घ्यायचा बेत बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या बऱ्याच फोटोग्राफरांचा आहे. बॉडी पटकन ठरते, घोडं अडतं ते लेन्सपाशी. आहेत त्या लेन्स ॲडॅप्टर (लेन्स आणि बॉडी जोडणारी कडी) लावून चालवायच्या, सिग्मा-टॅमरॉनसारख्या दुसऱ्या कंपनीची घ्यायची, की कॅमेऱ्याच्या कंपनीचीच? यूट्यूबवाले शार्पनेस दाखवतात. मी आधी एवढंच विचारेन, की लेन्सची माहिती कुठे आहे : लेन्समध्ये, बॉडीत, की तुमच्या कॉम्प्युटरवर?

लेन्स काढून तिची मागची बाजू पाहा. माउंटच्या, म्हणजे बॉडीला जोडायच्या भागाच्या, कडेला सोनेरी ठिपक्यांची ओळ असते. लेन्स ‘खट्’ करून बसली की तिथूनच बॉडीला तिचा क्रमांक, फोकल लेंग्थ आणि ॲपर्चर कळतं. कॅननचा ईएफ माउंट 1987 मध्ये आला तोच पूर्ण इलेक्ट्रॉनिक. लायकाने 2006 च्या एम8 पासून वेगळीच शक्कल काढली : माउंटवर सहा काळे-पांढरे ठिपके, आणि बॉडी ते उजेडाने वाचते. (हे आपलं हौसेखातर सांगितलं. लग्नाच्या सीझनला लायका गळ्यात घालून फिरणारा आपल्याकडे कोण आहे?)

ओळख पटली की बॉडी मुख्यतः तीन गोष्टी सावरते : काळवंडलेले कोपरे, कडांची जांभळी-हिरवी किनार आणि वाकलेल्या सरळ रेषा. बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बस्ती या जैन मंदिराचे घोटीव खांब 16 एमएमने काढून पाहा. दुरुस्ती बंद असेल तर कडेचा खांब पोट सुटल्यासारखा बाहेर येतो.

कंपनीच्या नव्या लेन्समध्ये हे सगळं विनातक्रार होतं. 2008 च्या मायक्रो फोर थर्ड्स या मिररलेस माउंटपासून दुरुस्तीचे आकडे लेन्सच बॉडीला देते, आणि ते रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या) फाइलमध्येही जातात. म्हणून लाइटरूमसारखं फोटोचं सॉफ्टवेअर न सांगता रेषा सरळ करतं. आता तर लेन्स बनवतानाच हा हिशेब धरलेला असतो. कॅननची आरएफ 16 एमएम एफ 2.8 इतकी लहान आणि स्वस्त आहे ती त्यामुळेच. दुरुस्ती काढली तर कोपरे चक्क काळे दिसतात. निकॉन झेड आणि सोनीच्या काही लेन्सवर तर डिस्टॉर्शनची (वाकलेल्या रेषांची) दुरुस्ती बंदच करता येत नाही. काहीजण याला फसवणूक म्हणतात, मला तसं वाटत नाही. पण फुकट काहीच नसतं. कोपरा उजळला की तिथला नॉईज (दाणेदारपणा) वाढतो, रात्रीच्या मांडवात आयएसओ 6400 ला तो स्पष्ट दिसतो. आणि कडा ताणल्या की थोड्या मऊ पडतात. स्टेजवरच्या ग्रुप फोटोत टोकाचे मामा-मामी रुंद दिसतात, त्यावर यातला कुठलाच इलाज नाही. तो वाइड लेन्सने जवळून काढल्याचा परिणाम. दोन पावलं मागे जायचं.

सिग्मा-टॅमरॉनचं उत्तर माउंटवर अवलंबून आहे. सोनीने 2011 मध्येच ई माउंटचा मूळ तपशील इतर कंपन्यांना खुला केला, त्यामुळे त्यांच्या ई माउंट लेन्स बॉडीला नीट ओळखू येतात. इथे पैसे वाचवायला माझी हरकत नाही. कॅनन आरएफमध्ये या दोघांच्या ऑटोफोकस लेन्स 2024 मध्ये आल्या, त्याही एपीएस-सी, म्हणजे लहान सेन्सरच्या, बॉडींसाठी. खरी गोम आहे ती सेकंडहँड मिळणाऱ्या जुन्या सिग्मा ईएफमध्ये. ती कॅननच्याच एखाद्या लेन्सचा क्रमांक सांगते, बॉडी विश्वास ठेवते आणि भलतीच दुरुस्ती लावते. मग फोटोत उजळ कडी उमटते. अशा लेन्सवर मेनूतली लेन्स दुरुस्ती बंद ठेवा, बाकी फोटो चांगले येतात.

ॲडॅप्टरांतही फरक आहे. कॅननचा ईएफ ते आरएफ ॲडॅप्टर सगळी माहिती पुढे देतो, त्यामुळे जुन्या कॅनन लेन्स विकायची घाई करू नका. निकॉनच्या एफटीझेड ॲडॅप्टरवर एएफ-एस (आत मोटर असलेल्या) लेन्स चालतात, पण जुन्या एएफ-डी लेन्सचा ऑटोफोकस जातो, कारण तो फिरवणारी मोटर ॲडॅप्टरमध्ये नाही. वडिलांच्या काळातली हाताने फोकस करायची लेन्स साध्या धातूच्या कडीवर लावली, तर बॉडीला वाटतं लेन्सच नाही. आधी ‘लेन्सशिवाय शटर’ चालू करावं लागतं. त्याहून महत्त्वाचं, बॉडीतल्या स्टॅबिलायझेशनला (हाताचा कंप सावरणाऱ्या सोयीला) फोकल लेंग्थ हाताने सांगावी लागते. 135 ची काढून 50 ची लावली आणि आकडा तोच राहिला, तर सेन्सर गरजेपेक्षा जास्त हलतो आणि फोटो उलट हललेला येतो. बाकीची दुरुस्ती घरी, डार्कटेबलसारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये, लेन्सचं नाव स्वतः निवडून.

संध्याकाळी कार्ड थेट लॅबला जाणार असेल, जेपेगवरच काम असेल, तर कंपनीची लेन्स किंवा सोनीवर सिग्मा-टॅमरॉन. अक्षता पडताना फोकल लेंग्थचा आकडा बदलत बसायला कुणाला वेळ आहे? हलशीची देवळं किंवा पावसाळ्यातला गोकाकचा धबधबा निवांत रॉमध्ये काढणाऱ्याने मात्र जुनी लेन्स जरूर वापरावी.

दुकानात जाताना आपल्या लेन्स आणि कार्ड सोबत न्या. समोरच्या दुकानाच्या बंद शटरचा वाइड फोटो घ्या, एकदा दुरुस्ती चालू ठेवून, एकदा बंद करून. मग फोटोच्या माहितीत लेन्सचं नाव कोणतं आलंय ते बघा. नाव भलतंच असेल तर भाव त्यानंतर बोला.