'सर, तुम्ही खरे आर्टिस्ट': माझे दीड लाख कसे बुडाले

आधीच सांगतो, मी काय अडाणी नाही. बारावी झालोय, इंग्लिश वाचता येतं, ओटीपी कुणाला देत नाही, लॉटरी लागल्याचे मेसेज न वाचता डिलीट करतो. तरी फसलो. आणि फसवणारा फोनवरचा कुणी अनोळखी नव्हता, माझ्या चित्रशाळेत स्टुलावर बसून माझ्या बायकोच्या हातची सोलकढी पिऊन गेलेला माणूस होता, एकदा नाही दोनदा. गोव्यात शूटिंगवाले सतत येत असतात, आज माझ्याकडे आले उद्या तुमच्याकडे येतील, तुम्ही सुतार असा पेंटर असा, नाहीतर नुसतं तुमचं घर जुनं असू दे. म्हणून लिहितोय.

माझी डिचोली तालुक्यात चित्रशाळा आहे, बाबांपासूनची. बाहेरच्यांना माहीत नसेल, आमच्याकडे गणपती जिथे घडवतात त्याला चित्रशाळाच म्हणतात, कारखाना नाही. चवथीला सव्वाशेच्या आसपास गणपती होतात, सगळे चिकणमातीचे, पीओपीला गोव्यात बंदी आहे आणि बंदी नसती तरी बाबांनी घरात येऊ दिलं नसतं. दिवाळीआधी पोरांना नरकासुराचे मुखवटे, शिगम्याला (आमचा शिमगा) चित्ररथाचं काम मिळालं तर मिळालं. बस एवढाच धंदा.

जूनच्या पहिल्या आठवड्यात दोघे आले, एक डिरेक्टर आणि एक लाईन प्रोड्युसर, मुंबईचे, मराठीच. सिनेमा करतोय म्हणाले, डार्क कॉमेडी हॉरर, बजेट छोटं पण कन्सेप्ट मोठा. गोष्ट अशी की शॅकवर, म्हणजे किनाऱ्यावरच्या झोपडीवजा हॉटेलात, एक वेटर असतो, त्याला कुणी विचारत नाही, त्याच्या हातून चुकून मांजर मरतं, तो घाबरून त्यावर माती थापतो आणि लोक म्हणतात वा काय शिल्प आहे, मग काय, पुढचं शिल्प करायला त्याला माणूस लागतो. आर्टच्या नावावर माणसं कशी वापरली जातात त्यावर कॉमेंट आहे, असं डिरेक्टर म्हणाला. हे त्याचंच वाक्य, मला नंतर रात्री-रात्री आठवायचं.

मला गोष्ट आवडली, खोटं कशाला बोलू. माझा भाचा आल्तिनोला गोवा कला महाविद्यालयात शिकतो, त्याला सांगितली तर तो हसायला लागला, म्हणाला मामा ही तर १९५९ ची अमेरिकन फिल्म आहे, 'अ बकेट ऑफ ब्लड', रॉजर कॉर्मनची, फक्त त्यातल्या कॅफेचा ह्यांनी शॅक केलाय आणि बीटनिकांचे, म्हणजे तेव्हाच्या तिकडच्या बंडखोर कवी-कलाकार पोरांचे, हिप्पी. ती फिल्म म्हणे ५० हजार डॉलरमध्ये ५ दिवसांत शूट केलेली. शेवटच्या सीनमध्ये हिरोच्या अंगावर प्लास्टर चढवायचं होतं पण तेवढा वेळ आणि पैसा नव्हता, म्हणून हिरोचं काम करणाऱ्या डिक मिलर बिचाऱ्याला नुसता राखाडी रंग फासून लटकवला. भाच्याने हे मजा म्हणून सांगितलं, मीही मजा म्हणून ऐकलं. जो माणूस 'ओरिजिनल कन्सेप्ट' म्हणून दुसऱ्याची गोष्ट घेऊन फिरतो तो तुझंही काही असंच घेऊन जाईल, एवढं साधं तेव्हा डोक्यात आलं नाही.

कारण मी तेव्हा हवेत होतो. आमच्याकडे मूर्तिकाराला कुणी सर म्हणत नाही हो. "ओ गणपतीवाले, आमचा झाला का?" असंच. आणि हा माणूस सुकत ठेवलेल्या मूर्तीसमोर हात मागे बांधून दहा मिनिटं गप्प उभा राहिला आणि म्हणाला, "सर, तुम्ही इथे काय करताय? तुम्ही खरे आर्टिस्ट आहात." झालं. गणपतीवाला असतो तर मी पहिला प्रश्न विचारला असता, अ‍ॅडव्हान्स किती? चवथीला मी ओळखीच्या माणसाकडूनसुद्धा बुकिंगला निम्मे पैसे घेतो. पण आर्टिस्ट झालो आणि पैशाचं बोलायची लाज वाटायला लागली. माझी खरी फसवणूक त्या दहा मिनिटांत झाली, पुढचं सगळं नुसतं कागदपत्र.

काम ठरलं ते असं: मातीत लिंपलेली प्रेतं ७, प्रत्येकी २२ हजार, आणि शेवटचा मोठा पुतळा ४६ हजार, एकूण २ लाख. पण आधी म्हणाले एक सॅम्पल दाखवा ना, नुसता हात चालेल. फुकट सॅम्पल कोण देतो? आर्टिस्ट देतो. मी बायकोच्या हाताचाच साचा काढला. खोबरेल चोपडून प्लास्टर ओतलं, प्लास्टर सेट होताना गरम होतं, ती ओरडली, "अहो भाजतंय, लवकर काढा." तिची उजव्या हाताची करंगळी लहानपणी माहेरच्या दारात चेंगरलेली, शेवटचं पेर बाहेरच्या बाजूला वळलंय, ते वळण पण साच्यात जसंच्या तसं आलं. मातीतला हात बघून डिरेक्टर म्हणाला, "करंगळी! काय विचार केलाय सर!" मी काही विचार केला नव्हता. पण गप्प बसलो, बरं वाटलं.

अ‍ॅडव्हान्स ३० हजार ठरला, आले २७. तीन हजार टीडीएस, म्हणजे आधीच कापलेला कर, म्हणाले, पॅनचा फोटो घेतला. पुढच्या वर्षी सीएने माझं फॉर्म २६एएस, म्हणजे माझ्या नावावर कुणी किती कर भरला त्याचा तक्ता, काढलं तर त्यात ह्या कंपनीचं नावच नाही, म्हणजे कापले पण सरकारकडे भरलेच नाहीत. हे ज्याचं त्याला इन्कम टॅक्सच्या साईटवर आपल्या पॅनने लॉगिन करून फुकट बघता येतं, मला कुणी सांगितलंच नव्हतं. करार? करार व्हॉट्सअ‍ॅपवर, म्हणजे मी रेट टाकले आणि त्यांनी अंगठा दाखवला. शब्दशः अंगठा.

ह्या कामासाठी मी ४० गणपतींच्या ऑर्डरी चुलतभावाच्या चित्रशाळेत वळवल्या. मूर्तिकामातल्यांना कळेल हे म्हणजे काय. जून-जुलैच्या पावसात माती सुकत नाही, एक-एक दिवस मोजून काम चालतं, आणि मी माझे महिन्याभराचे दिवस प्रेतं घडवायला दिले. बांबूचा सांगाडा, त्यावर सुतळी आणि पेपरचा लगदा, वरून माती, खाली बल्ब लावून शेक द्यायचा. आई रोज सकाळी दारातून डोकावून म्हणायची, गणपतीच्या जागेवर मडी काय घडवतोस. तिला मी म्हणायचो आई ही आर्ट आहे.

शूटिंग हळदोण्याला एका जुन्या पोर्तुगीज काळातल्या घरात. मला शंका येऊ नये म्हणून लाईन प्रोड्युसरने गोवा सरकारच्या एंटरटेनमेंट सोसायटीचं परवानगीचं पत्र दाखवलं आणि मीही गप्प झालो, सरकारी शिक्का म्हणजे सगळं क्लिअर. अरे पण ती परवानगी शूटिंगची असते, कुणाचे पैसे बुडणार नाहीत ह्याची हमी थोडीच असते! सेटवर गेल्यावर २० हजार यूपीआयने आले, तेवढ्यावर मी परत खूश.

आता दोन चुका सांगतो, ह्या दोन नीट वाचा, बाकी सोडलं तरी चालेल.

पहिली, साचे. पाऊस आहे, माती फुटली तर कंटिन्युइटी जाईल, साचे पण देऊन ठेवा, काम संपलं की परत, असं म्हणाले. मी हाताचा, मांजराचा आणि एका डोक्याचा असे तीन साचे दिले. ते पुन्हा कधी दिसले नाहीत. आणि त्याच रात्री, अकरा वाजले असतील, जनरेटरच्या व्हॅनपाशी ड्रमवर कागद ठेवून माझी सही घेतली, "फॉर्मॅलिटी आहे सर, सगळ्यांची घेतोय." चार पानं इंग्लिश, बारीक अक्षर, डोक्यावर छत्री, मागे कुणीतरी ओरडतंय लाईट जातोय. वाचता येतं म्हणून वाचलं असं होत नाही हो. त्यात लिहिलं होतं की कामाचे सगळे हक्क, सगळ्या माध्यमांत, जगभर, कायमचे त्यांचे. नंतर म्हापशाचे वकील म्हणाले की ह्या सहीची खरं तर त्यांना गरज होती, तुम्हाला नव्हती. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात हक्क दुसऱ्याला द्यायचे तर लेखी आणि सहीनेच द्यावे लागतात, आणि त्यात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षंच धरतात. ह्यांनी 'कायमचे' लिहून घेतलं होतं. सही करूनसुद्धा जात नाही तो म्हणजे हे काम माझं आहे असं म्हणायचा आणि त्याची मोडतोड झाली तर भांडायचा हक्क, कलम ५७. दिल्लीच्या विज्ञान भवनातलं अमरनाथ सेहगल यांचं म्युरल सरकारने १९७९ मध्ये काढून टाकलं होतं, ते ह्याच कलमावर भांडले आणि २००५ मध्ये हायकोर्टाने त्यांच्या बाजूने निकाल दिला, ५ लाख भरपाई. बघा, सरकारशी भांडून जिंकले. पण किती वर्षं गेली तेही बघा.

दुसरी चूक, चेक. शूटिंग संपल्यावर ७० हजारांचा चेक मिळाला, तारीख २५ ऑगस्ट, आणि उरलेले ८० रिलीजनंतर. चवथीची घाई, मी चेक कपाटात ठेवला. त्यांचा फोन, "सर आत्ता टाकू नका, फंड अडकलाय, बाउन्स झाला तर तुमचंच नाव खराब." माझं कसं खराब होईल? पण तेव्हा पटलं. ऑक्टोबरात म्हणाले दिवाळी होऊ दे. नोव्हेंबरात म्हणाले इफ्फी, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, होऊ दे, तिथल्या फिल्म बाजारला मोठी पार्टी भेटणार आहे, २८ ला क्लोजिंग झालं की दुसऱ्या दिवशी टाका. इफ्फी २००४ पासून गोव्यात आहे, त्या नावाला आपण सगळे दबतो, म्हटलं होईल काहीतरी मोठं. २९ ला बँकेत गेलो. काउंटरवरची मुलगी चेक उलटसुलट करून म्हणाली, काका हा तर मेला. चेक तारखेपासून तीनच महिने चालतो, २०१२ पासून तसा नियम आहे, पूर्वी सहा महिने होता आणि माझ्या डोक्यात तेच सहा महिने. म्हणजे २४ तारखेलाच खेळ खलास. तो माणूस मला २८ सांगत होता कारण त्याला २४ माहीत होती.

आणि ह्यात खरी मेख अशी की चेक वेळेत टाकला असता आणि बाउन्स झाला असता तर माझ्या हातात काहीतरी होतं. बँकेच्या मेमोपासून ३० दिवसांत नोटीस, मग १५ दिवसांत पैसे नाही आले तर कलम १३८ ची चेक बाउन्सची केस, सरळ फौजदारी. 'बाउन्स होईल म्हणून टाकू नका' हे माझ्यासाठी नव्हतंच, त्याच्या मानेसाठी होतं. आता नुसता दिवाणी दावा, त्याला तीन वर्षांची मुदत, आणि नोटीस परत आली, दिलेल्या पत्त्यावर ऑफिसच नाही. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, आधीच केलेली असती तर पेमेंट उशिराच्या तक्रारीचा रस्ता सोपा गेला असता असंही वकील म्हणाले. फुकट होते ती, आधार कार्डावर. मी केली, सगळं झाल्यावर.

सेटवर फक्त एका माणसाला पूर्ण पैसे मिळाले हे सांगायलाच हवं. जेवणाचे डबे देणारी हळदोण्याचीच बाई. दोन दिवस तिने दिले, पैसे नाहीत म्हटल्यावर तिसऱ्या दिवशी आलीच नाही. दुपारी दोन वाजता सगळं युनिट उपाशी, हिरोईन चिडलेली, आणि साडेतीनला तिच्या खात्यात आगाऊसकट सगळे जमा. तिला कुणी आर्टिस्ट म्हटलं नव्हतं.

चार महिन्यांमागे भाच्याने फोटो पाठवला, आसगावच्या एका कॅफेतला, मामा हा हात बघा. आम्ही दोघं स्कूटरवर गेलो. आत थंडगार, भिंती पांढऱ्याफेक, आणि कोपऱ्यात लाकडी ठोकळ्यावर हात उभा, फायबरमध्ये काढलेला, वरून राखाडी रंग. खाली लेबल, डिरेक्टरचं नाव, एडिशन १० पैकी ३, किंमत १८ हजार. मी लेबल वाचत होतो तेवढ्यात बायकोने आपला उजवा हात त्याच्या शेजारी धरला. "अहो, ही माझी करंगळी." एवढ्या मोठ्याने म्हणाली की बाजूच्या टेबलावरच्या दोघी वळल्या.

मालकीण आली, बाई वाईट नव्हती. एकदा तो हात बघितला, एकदा हिचा बघितला, मग खुर्ची ओढून बसली. म्हणाली मी फक्त कमिशनवर ठेवलाय, दोन विकले गेले, मला काय माहीत. लेबल काढून टाकते म्हणाली पण हात देता येणार नाही, तो त्यांचा माल आहे, तसं लिहून दिलंय. तिच्याकडे लिहून घेतलेलं होतं. फोटो काढू दिले, हिचा हात शेजारी धरून चार-पाच काढले, वकिलांना पाठवलेत. मग इतकी बसा बसा करायला लागली की आम्ही दोन कॉफी घेतल्या.

बिल आलं. जीएसटी धरून ५८८.