टीपी-लिंक आर्चर एएक्स५५: कोणत्या लॅपटॉपला शोभेल?

टीपी-लिंकचा आर्चर एएक्स५५ राऊटर चांगला आहे. मात्र तो कोणत्या लॅपटॉपसाठी घ्यायचा हे आधी ठरले नसेल, तर त्यावर खर्च केलेल्या जादा पैशांचा निम्मा उपयोगही होणार नाही. या राऊटरचा वर्ग ‘एएक्स३०००’ असा सांगितला जातो. हा आकडा राऊटरच्या दोन बँडांच्या, म्हणजे रेडिओ लहरींच्या दोन पट्ट्यांच्या, सेकंदाच्या वेगांतून आला आहे: ५ गिगाहर्ट्झ बँडचे २४०२ आणि २.४ गिगाहर्ट्झ बँडचे ५७४ मेगाबिट यांची बेरीज करून, वर ती थोडी फुगवून तयार झाला आहे. वायफाय ६ चा (वायफायच्या सहाव्या पिढीचा) लॅपटॉप एका वेळी एकाच बँडला जोडलेला असल्यामुळे सेकंदाला ३००० मेगाबिट त्याच्या वाट्याला कधीच येत नाहीत. आपल्या कामाचा आकडा २४०२ एवढाच, आणि तोही लॅपटॉपच्या वायफाय कार्डाला दोन अँटेना असतील व १६० मेगाहर्ट्झ रुंदीचे चॅनेल (बँडमधला माहिती वाहून नेणारा भाग; नेहमीच्या ८० च्या दुप्पट रुंद) चालत असेल तरच.

हे तपासायला दुकानदाराची गरज नाही. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘नेटवर्क अडॅप्टर्स’ उघडले की कार्डाचे नाव दिसते. माझ्या लॅपटॉपवर ते ‘इंटेल वाय-फाय ६ एएक्स२०१ १६० मेगाहर्ट्झ’ असे आहे, म्हणजे उत्तर नावातच मिळाले. एम१ किंवा एम२ चिपच्या मॅकबुक एअरमध्ये वायफाय ६ असले, तरी त्याची मजल ८० मेगाहर्ट्झपर्यंतच, म्हणजे कमाल १२०० मेगाबिटपर्यंत जाते. तेवढे तर याच कंपनीचा एएक्स१८०० वर्गातला धाकटा भाऊ, आर्चर एएक्स२३, कमी पैशांत देतो. मॅकबुकसाठी एएक्स५५ घेण्याचे समर्थन मला तरी करता येत नाही.

कार्ड जुळले तरी राऊटरच्या सेटिंगमध्ये ५ गिगाहर्ट्झ बँडची चॅनेल रुंदी १६० वर आहे ना, हे स्वतः पाहावे. या रुंदीसाठी नेहमी वापरला जाणारा पट्टा ३६ ते ६४ क्रमांकाच्या चॅनेलांचा आहे आणि त्यातला ५२ पासून पुढचा भाग रडारही वापरतात. त्यामुळे राऊटर सुरू झाल्यावर मिनिटभर कानोसा घेतो आणि मगच ते चॅनेल चालू करतो. वीज जाऊन आल्यावर ५ गिगाहर्ट्झचे नाव लगेच दिसले नाही, तर राऊटर बिघडला असे समजून पुन्हा बंद-चालू करत बसू नये. एकदा जोडणी झाली की त्याच खोलीत विंडोजच्या ‘लिंक स्पीड’पुढे २४०२ दिसते, मध्ये काँक्रीटची भिंत आली की हा आकडा झपाट्याने उतरतो, कारण तीच ताकद दुप्पट रुंदीवर पसरलेली असते. राऊटर हॉलमध्ये आणि काम आतल्या खोलीत, अशी घराची रचना असेल, तर १६० चा लाभ बहुतेक कागदावरच राहील.

त्याहून मोठी मर्यादा मागच्या बाजूला आहे. या राऊटरचे पाचही पोर्ट एक गिगाबिटचे आहेत, त्यामुळे हवेतली जोडणी २४०२ ची असली तरी तारेतून येणारा प्रत्यक्ष वेग सुमारे ९४० मेगाबिटच्या वर जात नाही, आणि इंटरनेटचा प्लॅन १०० किंवा ३०० मेगाबिटचा असेल तर संकेतस्थळे उघडताना काहीच फरक जाणवणार नाही. फरक पडतो तो घरातल्या घरात, तारेने जोडलेल्या संगणकावरून चित्रफितींसारख्या मोठ्या फायली लॅपटॉपवर घेताना: ८० मेगाहर्ट्झवरच्या १२०१ च्या लिंकवर वायफाय स्वतःच अडसर ठरते, २४०२ च्या लिंकवर ते गिगाबिट तार पुरेपूर भरू शकते. माझ्यासारखे हे काम रोज करणाऱ्याला एएक्स५५ निःसंकोच घेता येईल. तारेचीही मर्यादा ओलांडायची असेल, तर २.५ गिगाबिटचा एक पोर्ट असलेली ‘प्रो’ आवृत्ती पाहावी.

स्वस्त लॅपटॉपमध्ये मात्र अनेकदा एकाच अँटेनाचे, कमाल ४३३ मेगाबिटचे कार्ड बसवलेले असते. अशा वेळी राऊटर बदलण्याआधी कार्ड बदलता येते का ते पाहावे. ते बोर्डावर डकवलेले नसेल, एम.२ नावाच्या, सुटे कार्ड बसवण्याच्या खाचेत असेल आणि दुसऱ्या अँटेनाची तार आत आधीच असेल, तर इंटेलचे एएक्स२१० हे कार्ड चांगले. एएक्स२०१ सुटे मिळाले तरी ते इंटेलच्या ठरावीक प्रोसेसरांबरोबरच चालते, म्हणून एएमडीच्या लॅपटॉपसाठी ते घेऊ नये.