बटण न दाबताच हवा भरणारा इन्फ्लेटर: बीसीडी सर्व्हिसिंगचा अनुभव

माझ्या बीसीडीचा, म्हणजे डाइव्हिंग करताना पाण्यात वर-खाली होणं सांभाळणाऱ्या हवेच्या जॅकेटचा, इन्फ्लेटर (टँकमधली हवा बटण दाबून जॅकेटमध्ये भरणारा भाग) बटणाला हात न लावताही जॅकेटमध्ये हवा सोडत होता. थोडीथोडीच, पण पाण्याखाली तेवढीही महागात पडते. 10 मीटरवरून पृष्ठभागावर येईपर्यंत तीच हवा फुगून दुप्पट होते. सेफ्टी स्टॉपला, म्हणजे वर येताना घ्यायच्या थांब्याला, 5 मीटरवर टिकून राहायचं तर जॅकेटमधली हवा बाहेर सोडणाऱ्या डम्प व्हॉल्व्हची दोरी सारखी ओढत बसावं लागायचं. आधी एका ठिकाणी ओ-रिंग (गळती रोखणारी रबरी कडी) बदलून "झालं काम" म्हणत जॅकेट परत दिलं होतं. पुढच्याच डाइव्हला पुन्हा तेच.

या सर्व्हिस सेंटरमधल्या तंत्रज्ञ बाईंनी मात्र इन्फ्लेटर खोलण्याआधी माझा रेग्युलेटर मागून घेतला. रेग्युलेटरच्या फर्स्ट स्टेजमधून, म्हणजे टँकला जोडलेल्या दाब कमी करणाऱ्या भागातून, इन्फ्लेटरच्या होजमध्ये (नळीत) येणारा हवेचा दाब साधारण 9 ते 10 बारच्या आसपास स्थिर राहायला हवा. तो हळूहळू चढत असेल, तर चांगला इन्फ्लेटरही गळू लागतो. ओ-रिंग बदलून हे कसं सुटणार? त्यांनी गेज लावला, काटा जागचा हलला नाही, मग इन्फ्लेटर खोलला. आतला छोटासा व्हॉल्व्ह भिंगाखाली धरून दाखवला. जिथे तो घट्ट बसायला हवा, नेमके तिथेच मिठाचे पांढरे कण चिकटून बसले होते. नवा व्हॉल्व्ह बसवला आणि जुना पिशवीत घालून माझ्या हातात दिला. हे मला फार आवडलं.

मग जॅकेट टम्म फुगवून साबणाचं पाणी फिरवलं. खांद्यावरचा डम्प व्हॉल्व्ह ठीक निघाला, पण मागच्या खालच्या व्हॉल्व्हच्या कडेने बारीक बुडबुडे आले. रबराखाली वाळूचा कण होता. याची मी तक्रारही केली नव्हती! तो साफ करून जॅकेट रात्रभर फुगवून ठेवलं, सकाळी तसंच टणक होतं.

देताना त्यांनी मला हातमोजे घालून होज काढायला लावला. इन्फ्लेटर पाण्याखाली अडकलाच तर एका हाताने हवा सोडत दुसऱ्या हाताने होज काढायचा असतो, आणि माझी कपलिंगची (होजच्या जोडाची) कडी घट्ट झालेली निघाली. तीही मोकळी करून दिली. पाण्याखाली जाण्यासाठी अंगावर वजनं किती लावता हेही विचारलं. 12 लिटरच्या टँकमध्ये 200 बारला जवळजवळ 3 किलो हवा असते, ती संपते तसा टँक हलका होतो, म्हणून वजनाची चाचणी टँक रिकामा होत आल्यावरच घ्यायची, असं त्यांचं म्हणणं, आणि ते मला पूर्ण पटतं.

ठरल्यापेक्षा वेळ जास्त लागला, त्याचं काही नाही. पावतीवर मात्र नुसतं "बीसीडी सर्व्हिस" लिहिलंय. कोणता भाग बदलला, होजमधला दाब किती निघाला, हे लिहून द्यायलाच हवं; पुढच्या वेळी जॅकेट दुसऱ्या कुणाकडे गेलं तर त्याला कसं कळणार? तरीही माझं जॅकेट मी इथेच देणार.