डासांवर काय लावावं : कॉइल, लिक्विड, क्रीम की मच्छरदाणी?

पावसाळा आला की किराणा दुकानात हे सगळं शेजारीशेजारी मांडलेलं दिसतं आणि आपण किंमत बघून उचलतो. ‘यातलं औषध किती जहाल?’ हा प्रश्नही विचारला जातो. पण माझ्या मते त्याआधी विचारायला हवं, की घरात काही जळतंय का?

कॉइलमध्ये डासांचं औषध अगदी थोडं असतं. बाकी लाकडाचा भुसा, करवंटीची पूड, चिकटपणासाठी स्टार्च आणि रंग. रात्रभर बंद खोलीत जळतो तो हाच माल. चीन आणि मलेशियात विकल्या जाणाऱ्या कॉइलींची तपासणी 2003 साली प्रसिद्ध झाली. एका कॉइलमधून निघणारे पीएम 2.5 म्हणजे अतिसूक्ष्म कण 75 ते 137 सिगारेटींइतके भरले. फॉर्मल्डिहाइड हा घातक वायू काही कॉइलींत 51 सिगारेटींइतकं होतं. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे माजी संचालक डॉ. संदीप साळवी ‘एक कॉइल म्हणजे शंभर सिगारेटी’ असं सांगत आलेत, तेही कणांच्याच हिशेबात. याचा अर्थ कॉइल लावणाऱ्याने शंभर सिगारेटी ओढल्या असा नाही. सिगारेटचा धूर थेट छातीत जातो, कॉइलचा खोलीत पसरतो. पण त्याच खोलीत दम्याचा पेशंट किंवा तान्हं बाळ असेल तर हा फरक फारसा दिलासा देत नाही. ‘कमी धुराची’ कॉइल घेऊनही प्रश्न मिटत नाही. धूर डोळ्यांना दिसला नाही तरी जळणातून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निघतोच, आणि त्याला ना रंग ना वास.

डास पळवणाऱ्या स्वस्त अगरबत्त्या मी यादीतूनच काढेन. कीटकनाशक विकायचं तर केंद्रीय कीटकनाशक मंडळाकडे नोंदणी लागते, तिचा क्रमांक पाकिटावर असतो. अनेक अगरबत्त्यांवर तो नसतो, म्हणजे आत काय घातलंय आणि किती, हे कळायला मार्गच नाही. कडुनिंबाचा पाला जाळणाऱ्यांनीही लक्षात ठेवावं, की धूर नैसर्गिक असला तरी धूरच.

लिक्विड मशीनमध्ये काही जळत नाही, औषध तापून हवेत जातं. ही कॉइलपेक्षा मोठी सुधारणा. औषध असतं ट्रान्सफ्लुथ्रिन किंवा प्रॅलेथ्रिनसारखं, कीटकनाशकांच्या पायरेथ्रॉइड गटातलं. माणसाचं शरीर ते बऱ्यापैकी लवकर मोडून लघवीवाटे बाहेर टाकतं. तरी काहींना शिंका, डोकेदुखी, घशात खवखव होते. मासे मात्र या गटाला फार नाजूक, आणि मांजरांच्या यकृतालाही ही औषधं नीट मोडता येत नाहीत. फिशटँक किंवा मांजर असलेल्या खोलीत मशीन नकोच. संध्याकाळी थोडा वेळ लावावं, खिडकी किंचित उघडी ठेवावी, उशाशी लावू नये.

लिक्विडचा खरा धोका बाटलीत आहे. औषध रॉकेलसारख्या द्रावकात विरघळवलेलं असतं. रांगत्या मुलाने ते प्यायलं तर उलटी करवू नका. उलटीबरोबर द्रावक फुप्फुसात शिरलं तर रासायनिक न्यूमोनिया होतो. बाटली बरोबर घेऊन सरळ दवाखाना गाठा.

मच्छरदाणी रात्रीपुरती सगळ्यांत उजवी. साधी असेल तर रसायनाचा प्रश्नच नाही. गडचिरोलीसारख्या मलेरियाच्या भागात सरकारने वाटलेल्या औषधी मच्छरदाण्यांत पायरेथ्रॉइड धाग्यातच बसवलेलं असतं आणि साधारण वीस धुण्यांपर्यंत टिकतं. ती नदीत किंवा तळ्यात धुऊ नये, कारण वर सांगितलेले मासे. सावलीत वाळवावी. गरम होतं, ही तक्रार खरी आहे. पण दाणीबाहेर पंखा लावला तर बरंच निभावतं.

पण डेंग्यूचा डास दिवसा चावतो. शाळेत, ऑफिसात मच्छरदाणीचा उपयोग नाही. तिथे पूर्ण बाह्या आणि क्रीम. क्रीम डास मारत नाही, त्याला आपला वास लागू देत नाही. उघड्या त्वचेवर पातळ थर पुरे. डोळे, ओठ, जखम आणि लहान मुलांचे तळहात टाळा. अगदी तान्ह्या बाळाला लावण्याआधी डॉक्टरांना विचारा. घरात आठवड्यातून एकदा ‘कोरडा दिवस’ पाळला, म्हणजे पिंप, कूलर, कुंडीखालच्या बशा रिकाम्या करून घासल्या, तर अळीचा डास व्हायच्या आतच काम होतं. हौदात गप्पी मासे सोडले तर तेही अळ्या खातात.

घरात बाळ, गरोदर बाई किंवा दमेकरी असेल तर मी खिडकीला जाळी आणि मच्छरदाणी घेईन, लिक्विड अगदी नाइलाज झाला तरच. भाड्याच्या खोलीत मालक जाळी ठोकू देत नसेल तर वेल्क्रोची जाळी मिळते, ती खोली सोडताना काढून नेता येते. कॉइल लावायचीच असेल तर अंगणात, ओट्यावर, गोठ्याच्या बाहेर. निजायच्या खोलीत नाही.