गाडीच्या एसीचा स्विच चेक करायचाय: टेस्ट लॅम्प घेऊ की मल्टीमीटर?

बटण दाबलं, त्यातला लाइट पण लागला, पण कंप्रेसरचा तो 'टक' आवाज काही येत नाही, की लगेच लोक नवीन स्विच शोधायला निघतात. थांबा जरा. बटणातल्या लाइटचं सर्किट बऱ्याच गाड्यांत वेगळं असतं, त्यामुळे लाइट लागला म्हणजे स्विच ओके असं धरू नका. आधी फ्यूज बघा आणि ब्लोअर चालू ठेवा, काही गाड्यांत ब्लोअर बंद असला की एसीच्या स्विचला सप्लाय किंवा अर्थ (म्हणजे बॅटरीच्या मायनसचं कनेक्शन) मिळतच नाही.

जुन्या पद्धतीच्या साध्या स्विचला माझं मत टेस्ट लॅम्पला, म्हणजे एका बाजूला क्लिप आणि दुसऱ्या बाजूला टोक असलेला छोटा बल्ब. क्लिप अर्थला लावायची, बटण दाबून टोक आउटच्या पिनवर (जिथून करंट स्विचमधून बाहेर जातो) टेकवायचं, लख्ख पेटला तर स्विच पास, मिणमिणला तर आत कॉन्टॅक्ट जळालाय. (स्विच प्लसऐवजी अर्थची बाजू जोडणारा-तोडणारा असेल तर क्लिप बॅटरीच्या प्लसला.) बल्ब स्वतः करंट ओढतो ना, म्हणून लोड आल्यावर स्विच काय करतो ते दिसतं. डिजिटल मीटर जवळजवळ काहीच ओढत नाही. मी एकदा स्विचच्या पुढचा कनेक्टर काढून, म्हणजे लोड नसताना, नुसतं मीटरने मोजत बसलो, आउटला 12.4 व्होल्ट, कंटिन्युइटीला (वाट जोडलेली आहे का ते बघणाऱ्या सेटिंगला) बीप पण येतोय, दोन संध्याकाळी रिले आणि वायरिंगमागे घालवल्या, शेवटी लॅम्प लावला तर उदबत्तीच्या टोकाएवढा लाल! स्विच उघडला तर पितळी पट्टी काळी ठिक्कर. त्या बीपचं एक सांगतो, काही मीटर 30-40 ओहमपर्यंत पण बीप करतात, त्यामुळे आकडा बघा, आणि बघताना कनेक्टर काढलेला हवा. दाबल्यावर ओहम शून्याच्या आसपास, सोडल्यावर ओपन.

मग मीटर कशाला घ्यायचा? तर कनेक्टर जोडलेला ठेवून, एसी चालू करून स्विचच्या दोन्ही पिनांवर मीटर लावा, व्होल्टेज ड्रॉप (स्विचमध्येच वाया जाणारं व्होल्टेज) 0.1-0.2 व्होल्टच्या आत असला तर स्विचला क्लीन चिट, 1-2 व्होल्ट दिसले तर तोच चोर. इतकं नेमकं लॅम्प नाही सांगू शकत.

आणि नवीन गाडी असेल तर लॅम्प हातात घेऊच नका. तिथे बटण फक्त मॉड्यूलला (गाडीतल्या कंट्रोल कॉम्प्युटरला) सिग्नल देतं, बऱ्याचदा 5 व्होल्टचा, बल्बच्या करंटने मॉड्यूल उडायची भीती. पिवळे कनेक्टर एअरबॅगचे, त्यांना तर काहीच लावायचं नाही. अशा गाडीत मीटर, आणि मिळाला तर स्कॅनर (मॉड्यूलमधली माहिती वाचणारं यंत्र), त्याच्या लाइव्ह डेटात बटण दाबल्यावर एसी रिक्वेस्ट ऑन-ऑफ होताना दिसली की स्विचचा विषय संपला. पुढे एसीच्या गॅसचं प्रेशर बघणारा प्रेशर स्विच तपासा, गॅस कमी असला तरी तो कंप्रेसर लागूच देत नाही.

एकच घ्यायचं असेल तर मीटर घ्या, पण स्विच कायम लोडवर मोजा.